झाकणामागे उभा असलेला उमेदवार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची डावी बिजागरी तुटलेली आहे, म्हणून मला भिंतीला टेकवूनच उघडावे लागते. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली आहे. बघणारे म्हणतात, "आता हा भंगारात द्या." पण ताई मला टाकत नाही. का टाकत नाही हे ऐकायचे असेल तर जरा जवळ बसा. गोष्ट गोड नाही, पण मुलांना फक्त गोड तेच सांगावे असे मला वाटत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुली ओळीने बसलेल्या होत्या. एकीने माझी बटणे बसवली, एकीने पडदा जोडला आणि सगळ्यात शेवटी एकीने पडद्याच्या वरच्या काठात मोहरीएवढा कॅमेरा बसवला. तोच माझा डोळा. नव्या भांड्यासारखा चकचकीत होऊन मी एका मालवाहतुकीच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांना माझे फार कौतुक. कुणी माझ्याजवळ चहाचा कप ठेवला तरी ते डोळे वटारत. पण नव्याचे नऊ दिवस. माझ्याहून पातळ, माझ्याहून हलका असा दुसरा आला आणि मी कपाटात गेलो. कपाटातून जुन्या मालाच्या दुकानात. तिथून मला ताईने घरी आणले.

ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, त्यांत तीन माणसे: ताई, तिची आई आणि धाकटा भाऊ. आई त्याला 'राजा' म्हणे, शेजारी त्याला 'धाकटा' म्हणत. मीही तेच म्हणतो.

ताईचे काम कानाचे होते. एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर रोग्यांविषयी बोलून ठेवत आणि ते ऐकून ताई टाइप करी. कानांवर हेडफोन, डोळे अर्धवट मिटलेले आणि बोटे माझ्या बटणांवर. कुणी डॉक्टर घाईत बोले, कुणी नाकात, कुणी तोंडात घास ठेवून. ताईला सगळ्यांचे सगळे कळे. "या साहेबांना आज सर्दी झालीय हं," ती आईला सांगे आणि हसे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. रोज संध्याकाळी ती मऊ फडक्याने माझा पडदा पुसायची.

धाकट्याविषयी वाईटच सांगितले तर ते खोटे होईल. त्याला नकला छान येत. आईचा पाय मोडला तेव्हा त्याने तिला पाठुंगळी घेऊन तिन्ही जिने उतरवले होते. रोज सकाळी तो पळायला जाई, कारण त्याला पोलीस व्हायचे होते. इमारतीतल्या बायका आपल्या मुलांना त्याचा दाखला देत.

पण राग आला की तो दुसराच कुणी होई.

एकदा ताई हेडफोन लावून बसली होती आणि तो फोनवर मित्राशी मोठमोठ्याने बोलत होता. "जरा हळू बोल ना रे," एवढेच ती म्हणाली. त्याने फोन शांतपणे ठेवला, तिचा हात धरला आणि असा पिरगळला की ती खुर्चीवरून खाली सरकली. थोड्या वेळाने तोच मलम घेऊन आला, तिच्या मनगटाला चोळत रडला. "ताई, माझं डोकं फिरतं गं. मला कळतच नाही." दुसऱ्या दिवशी ताईने एका हाताने टाइप केले.

हे पुन्हा झाले. मग पुन्हा. मलम आणणे मात्र हळूहळू बंद झाले.

आईला दिसत नव्हते असे नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणे, "ह्यांचाही हात असाच होता. पुढं निवळले. नोकरी लागली की राजाही निवळेल. तू बाहेर बोलू नकोस बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात, ते मी त्या घरात पाहिले.

धाकटा शर्यतीत पास झाला, लेखी परीक्षेत पास झाला. उरली होती ती मनाची तपासणी. पोलिसाच्या हातात काठी येते, पिस्तूल येते, कुलपाच्या किल्ल्या येतात. म्हणून आधी त्याचे मन कसे आहे ते तपासतात. पूर्वी त्यासाठी एका कचेरीत जावे लागे. आता ते काम घरबसल्या, माझ्यासारख्याच्या पडद्यावरून होत होते.

आधी एक लांबलचक प्रश्नपत्रिका आली. प्रत्येक वाक्यापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचे. धाकट्याने एक वाक्य मोठ्याने वाचले, "मला कधीच राग येत नाही." मग ताईकडे वळून विचारले, "इथं काय दाबू?"

"खरं ते दाब," ताई म्हणाली.

"खरं सांगून कुणाला नोकरी लागलीय?" तो हसला आणि त्याने 'बरोबर' दाबले.

मग मुलाखतीचा दिवस आला. ताईने त्याचा पांढरा सदरा इस्त्री केला. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद केला. मला टेबलावर असे ठेवले की माझ्यासमोर फक्त खुर्ची आणि कोरी भिंत दिसावी. आईला आतल्या खोलीत झोपायला सांगितले.

पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. त्या मानसशास्त्राच्या डॉक्टर होत्या, म्हणून मी त्यांना डॉक्टरबाई म्हणतो. त्यांचा आवाज मऊ होता आणि घाई कशाचीच नव्हती. धाकटा सुरेख बोलला. हात मांडीवर, नजर सरळ माझ्या डोळ्यात, प्रत्येक वाक्याला 'मॅडम'. हे सगळे तो माझ्याच पडद्यावर व्हिडिओ बघून शिकला होता.

"तुम्ही लिहिलंय की तुम्हाला कधीच राग येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला तर आज सकाळीच आला होता. दूधवाल्यावर."

"मी शांत स्वभावाचा आहे, मॅडम."

"बरं. आता तुमच्या घरातल्या कुणाशी तरी थोडं बोलेन. तुम्ही बाहेर थांबाल?"

"हो मॅडम, नक्की."

त्याने ताईला खुर्चीवर बसवले. दाराशी गेला, दार उघडले आणि आवाज होईल असे लावून घेतले. पण तो बाहेर गेलाच नव्हता. पाऊल न वाजवता तो परत आला आणि माझ्या झाकणामागे उभा राहिला. माझा डोळा पुढे आहे, मित्रांनो. मागचे मला दिसत नाही. पण त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

उकडत असूनही ताईने लांब बाह्यांचे कपडे घातले होते.

"तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण ना? भावाला राग आला की तो काय करतो?"

ताईने माझ्या झाकणाच्या वर, मागे पाहिले. मग खाली पाहिले. "फिरायला जातो."

"घरात कधी वस्तू फेकणं, हात उगारणं?"

पुन्हा तिची नजर वर गेली. "नाही, तसं काही नाही."

डॉक्टरबाई पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "खोलीत तुमच्याशिवाय आत्ता कुणी आहे का?"

"नाही."

"एक करता? लॅपटॉप उचला आणि मला सगळी खोली दाखवा. नियम आहे, म्हणून सांगते."

ताईने मला उचलले. माझे तोंड पुढे खोलीकडे, तिचे हात माझ्याखाली; धाकटा चटकन तिच्या पाठीमागे सरकला. ती हळूहळू फिरू लागली. मी खिडकी पाहिली, पलंग पाहिला, वाळत घातलेला टॉवेल पाहिला. ती जशी वळे तसा धाकटा तिच्या पाठीमागून वळत होता, तिच्या खांद्याला चिकटून. जणू दोघे मिळून काही खेळत होते. 

मग कपाट आले. कपाटाच्या दाराला आरसा होता. ताई तिथे थांबली.

आरशात मला मी दिसलो, मला धरलेली ताई दिसली आणि तिच्या मानेमागे पांढरा इस्त्रीचा सदरा दिसला. क्षणभरच. धाकटा खाली वाकला, पण तोवर दिसायचे ते दिसून गेले होते.

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "छान. नीटनेटकी खोली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरूनच काम करता का?"

"हो. सकाळी. हा पळायला जातो तेव्हा घर शांत असतं."

"बरं, बरं. धन्यवाद. भावाला आत बोलवा."

धाकट्याने पुन्हा दार वाजवले आणि हसतमुखाने समोर आला.

मुलाखत संपल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "दिसलो का मी?"

"नाही," ताई म्हणाली. "तिकडं उजेड नव्हता."

त्या रात्री जेवताना त्याने डॉक्टरबाईंची नक्कल केली आणि आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी धाकटा पळायला गेला आणि मी वाजू लागलो. डॉक्टरबाई होत्या.

"एकट्याच आहात?"

"आई आत आहे. झोपलीय."

"मला तो आरशात दिसला. तुम्ही तिथं मुद्दाम थांबलात?"

ताईने आतल्या खोलीचे दार ओढून घेतले. मग म्हणाली, "पाय थांबले. मी थांबवले नाहीत असंही म्हणणार नाही."

"बाही वर करा."

ताईने बाही वर केली. मी आजवर पुष्कळ रंग दाखवले आहेत. तो रंग दाखवताना मला माझ्या पडद्याची लाज वाटली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "पूर्वी ही मुलं माझ्या कचेरीत यायची. कशी बसतात, पाणी आणून देणाऱ्याशी कशी बोलतात, सगळं दिसायचं. आता गळ्याच्या वर जेवढा माणूस, तेवढाच मला मिळतो. कालचा आरसा नसता तर मी त्याला पास केलं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "माझी अडचण ऐका. मी त्याला नापास केलं, तर तो संतापून घरी बसेल. आणि घरात तुम्ही आहात."

"आणि पास केलं तर?" ताईने विचारले.

"तर त्याच्या हातात पिस्तूल येईल."

ताईने बाही खाली ओढली, बटण लावले. "लिहा तुम्ही. इथं त्याच्या हाताखाली मी एकटी आहे. तिथं किती असतील?"

"मी अहवाल पाठवायचं थांबवते. आधी तुम्ही घरातून निघा. जायला कुणी आहे?"

"मैत्रीण आहे. नर्स आहे ती. तिच्याकडं जाईन."

"मग जा. आणि कुणाला सांगू नका."

पण आईला न सांगता जायला ताईला जमले नाही. आईचा पाय अजून नीट नव्हता. तिला बरोबर न्यावे असे ताईच्या मनात होते. दुपारी ती आईजवळ बसली आणि हळू आवाजात सगळे बोलली.

आई म्हणाली, "त्याची नोकरी लागायच्या वेळेला तू घर सोडून जाणार? लोक काय म्हणतील?"

"आई, माझा हात बघ एकदा."

आईने पाहिला नाही.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा ताई औषधे आणायला खाली गेली होती. आईने त्याला जवळ बोलावले. तिच्या मनात वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तिला फक्त घर मोडू द्यायचे नव्हते. "राजा, तू ताईशी गोड बोल रे. ती जायचं म्हणतेय. कुणी बाई आहे, ती तिला शिकवतेय."

"कोण बाई?"

आईला एकदम भान आले असावे. ती पांघरूण सारखे करू लागली. पण धाकट्याला तेवढे पुरे होते. तो माझ्यासमोर येऊन बसला. सकाळी, तो पळायला गेला असताना, मला कुणाचा फोन आला होता ते त्याने शोधले. मला विचारले ते मी दाखवतो, मला लपवता येत नाही. नाव वाचून तो स्वस्थ बसून राहिला. बाहेर जिन्यावर ताईची चप्पल वाजली.

त्याने माझे झाकण मिटले.

झाकण मिटले की मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. म्हणून पुढचे मी पाहिलेले नाही.

मी उघडलो तो एका दुरुस्तीच्या दुकानात. समोर दुकानदार होता आणि ताईची नर्स मैत्रीण. दुकानदार माझी वाकलेली कड बोटाने चाचपत होता. "जिन्यावरून पडला का हो?" त्याने विचारले.

"नाही," नर्स म्हणाली. "ह्या लॅपटॉपनंच मारलंय तिला. कानावर. तिच्या सख्ख्या भावानं."

दुकानदाराने हात काढून घेतला.

मित्रांनो, मी कधी कुणाला चावलो नाही, कुणाला टोचलो नाही. अक्षरे उमटवायला माझा जन्म झाला होता. आणि माझीच कड त्या कानावर बसली होती, ज्या कानाने ताई सर्दी झालेल्या डॉक्टरांचे शब्द ओळखायची.

तो कान गेला. डावा. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण त्यात ऐकू येईना. एका कानाने काम जमेना आणि इस्पितळाने ते दुसऱ्या कुणाला दिले. ताईने तक्रार नोंदवली. चौकशीला आलेला हवालदार म्हणाला, "होणारा पोलीस आहे तो. सख्खा भाऊ. मिटवून घ्या." आईने सांगितले की ताई पाय घसरून पडली. ताई आता नर्सच्या घरी राहत होती; जुन्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे काका मात्र एकदा तिथे आले. किती तरी वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "आवाज आला होता मला. रोजच यायचा. मी टीव्ही मोठा करायचो." ताईने त्यांना पाणी दिले. त्यांनी ते प्यायले नाही.

डॉक्टरबाईंनी अहवाल पाठवला. धाकटा नापास झाला. गोष्ट इथेच संपायला हवी होती, पण संपली नाही. त्याने दूरच्या दुसऱ्या शहरात अर्ज केला. तिथे मनाची तपासणी म्हणजे नुसते 'बरोबर' आणि 'चूक'. घरच्यांशी कुणी बोलले नाही, खोली कुणी पाहिली नाही. तो पास झाला आणि प्रशिक्षणाला गेला.

हे कळले त्या दिवशी डॉक्टरबाई पुन्हा माझ्या पडद्यावर आल्या. हिरव्या रेघेने त्यांचा चेहरा दोन तुकड्यांत कापला होता. त्या म्हणाल्या, "मी त्यांना पत्र लिहिलं. ते म्हणतात, एका खात्याचा अहवाल दुसऱ्याला बघता येत नाही. माझे हात बांधलेत."

"माझे नाहीत," ताई म्हणाली.

ती एकटी त्या शहरात गेली. परत आली तेव्हा तिने मला भिंतीला टेकवून उघडले आणि डॉक्टरबाईंना काय घडले ते सांगितले. तिथल्या साहेबांनी तिला दिवसभर बाकावर बसवून ठेवले होते. संध्याकाळी आत बोलावले, सगळे ऐकून घेतले आणि धाकट्याला बोलावणे पाठवले. तो गणवेशात आला, टाचा जुळवून उभा राहिला.

"ही तुझी बहीण?" साहेबांनी विचारले. "हिचा कान कशानं गेला?"

तो तसाच बोलला, जसा डॉक्टरबाईंसमोर बोलला होता. नजर सरळ, आवाज शांत. "पाय घसरून पडली, सर."

"मी त्याच्या उजव्या हाताला बसले होते," ताईने सांगितले. "माझा गेलेला कान त्याच्याकडं होता. मला खरंच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. या कानानं मला ऐकू येत नाही."

"मग?"

"बोललाच नाही. साहेब म्हणाले, पुन्हा सांग. तो माझ्या कानाकडं बघत राहिला. तोंड उघडायचा, मिटायचा. शेवटपर्यंत त्याला ते दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही."

धाकट्याला प्रशिक्षणातून काढून घरी पाठवले. आता तो आईजवळ असतो, कुठे काही काम करतो की नाही मला ठाऊक नाही. ताई जिंकली असे कुणी म्हटले तर मला पटत नाही. आई तिला म्हणाली, "पाठच्या भावाच्या पोटावर पाय दिलास." त्यानंतर ती ताईशी बोललेली नाही. ताई दर रविवारी फोन लावते. तिकडे वाजत राहतो.

ताई आता मुलांच्या प्रकल्पांची, लग्नपत्रिकांची टायपिंगची कामे घेते. कागद बघून टाइप करते, ऐकून नाही. मला का टाकत नाहीस, असे नर्सने एकदा विचारले. ताई म्हणाली, "ह्याचा काय दोष? हाही मार खाल्लेलाच आहे की." त्या दिवशी तिने मला पूर्वीसारखे मऊ फडक्याने पुसले.

माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत, मित्रांनो. गरम होतो, मध्येच बंद पडतो. माझ्यासाठी काही मागायचे नाही. पण तुम्हाला मान आहे, ती वळवता येते. पाय आहेत, जिना चढता येतो. शेजारच्या घरातून आवाज आला तर टीव्ही मोठा करू नका. मोठ्या माणसांना बोलवा, त्यांना घेऊन जा आणि दार वाजवा. वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने का होईना, वाजवा. आत काहीच नसेल तर फार तर हसे होईल. चुकीचे दार वाजवले म्हणून कुणाचा कान जात नाही.